येते

उत्तर ध्रुवाच्या बर्फाखाली शिरलेली बिनमाणसांची पाणबुडी सकाळपासून गप्प होती. ती बांधली होती सुमंतरावांच्या बायकोने, शरयूने. अमेरिकेत, ॲन आर्बरच्या लॅबमध्ये शरयूची विद्यार्थिनी सावनी सुमंतरावांसमोर रडवेली होऊन बसली होती.

"सॉरी काका, काकूंची पाणबुडी गेली."

"गेली म्हणू नये गं. येते म्हणावं." हिवाळ्यात शेवटचं हॉस्पिटलला निघतानाही शरयू 'येते'च म्हणाली होती.

सावनीने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. "बर्फाखाली वेगळा माइक सोडलाय, त्यातून येणारा तिथल्या पाण्याचा आवाज. आपल्याला फक्त ऐकू येतं, आपलं बोलणं तिकडे जात नाही."

टक टक. जरा थांबून, टक.

हात सामानाने भरलेले असले की शरयू अशीच बुटाने दार वाजवायची.

"बर्फ तडकतो कधीकधी," त्यांचा चेहरा पाहून सावनी म्हणाली.

टक टक. टक.

"आलो, आलो," सुमंतराव सवयीने बोलून गेले. टकटक लगेच थांबली, नेहमीसारखी. त्यांनी ओशाळून हेडफोन काढले आणि टेबलावर ठेवले.

बाहेर जूनचं ऊन होतं. लॅबच्या दाराशी कुणीतरी पायपुसण्यावर बूट आपटून बर्फ झटकत होतं.