जिन्याचा कोपरा
मोर्शीच्या कचेरीत जिन्याच्या कोपऱ्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून थुंकून एवढा चिखल झालता, का एकदा बकरी फसली. वीस वर्षं तो म्याच पुसला; आता ताटातला लाल रस्सा पाहूनही ओकारी येते. साहेबानं चित्रकार संध्याले सांगतलं, "इथं देव काढ, मंग कोणी थुंकत नाई." ती म्हणे, "देव काहून? चित्रात जीव असन तं माणसाचंही पुरते." साहेब म्हणे, "एक पिचकारी पडली, तं चित्रावर चुना फासीन!" तिनं माहं किळसलेलं तोंड निरखलं अन् फडक्यासकट मलेच काढलं. सहाव्या दिवशी साहेबच आला, गालात खर्रा भरून, अन् सवयीनं कोपऱ्यात वाकला. भिंतीवरची मी त्याच्याच डोयात पाहून राहिलती. माह्याजवळ उभ्या संध्यानं माहा हात घट्ट धरला. साहेबानं डोये मिटले अन् सगळं गिळलं. "कसं हाय चित्र, साहेब?" म्या इचारलं. त्याची उचकी थेट अकोल्यात आयकू गेली.