वरच्या दोन खोल्यांची मालकीण

मिस्त्री सिंकखाली आडवा पडून पाइपाचा नट आवळत होता. नट केव्हाच घट्ट बसला होता. पण बाहेर आलं की बाईंशी बोलावं लागणार, म्हणून आवळणं चालूच होतं.

शाळेतल्या या बाई वरच्या दोन खोल्यांत अकरा वर्षं भाड्यानं राहत होत्या. खाली मिस्त्री आणि त्याची बायको. यंदा भाड्याच्या घरांवरचा कर सरकारनं दुप्पट केला, आणि वर मंत्रिमहोदयांनी भाषणात समस्त घरमालकांना ‘बसून खाणारे’ म्हणून टाकलं. आता मिस्त्रीची सगळी हयात बसगाड्यांच्या पोटाखाली आडवं पडून गेलेली, त्यातूनच या दोन खोल्या उभ्या राहिलेल्या. त्याला ते भलतंच झोंबलं. पण झोंबून करतो काय? भाडं वाढवायचं, नाहीतर घर विकायचं. बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "आज बाईंना सांगितल्याशिवाय खाली यायचं नाही."

"काका, झालं का हो?" बाईंनी वह्या तपासता तपासता विचारलं.

"झालंच," मिस्त्री म्हणाला आणि त्यानं पुन्हा पाना लावला. बाईंपुढे त्याची नेहमीच बोबडी वळायची.

तेवढ्यात दार लोटून माणसं आत घुसली. पुढे एक पुढारी, मागे चार कार्यकर्ते आणि एक कॅमेरावाला. मंत्र्यांच्याच पक्षानं ‘भाडेकरूंच्या दारी’ मोहीम काढली होती. पुढाऱ्यानं एका नजरेत सगळं जोखलं. इस्त्रीचे कपडे, चष्मा, हातात लाल पेन, म्हणजे ही मालकीण. आणि सिंकखालून सरपटत निघालेला, बनियन भिजलेला, कोपराला गाळ लागलेला म्हातारा, म्हणजे हा पिचलेला भाडेकरू.

"वा मॅडम, वा!" पुढारी कडाडला. "या वयात माणसाला जमिनीवर लोळवताय?"

"अहो, पण मी तर..."

"तुम्ही नंतर बोला. मालक लोक आजवर बोलतच आलेत." त्यानं मिस्त्रीच्या ओल्या खांद्यावर हात टाकला. "बोला बाबा. त्यांच्याकडे बघूच नका. कॅमेऱ्याकडे बघा. काय त्रास आहे?"

‘मालक मीच’ असं सांगायला मिस्त्रीनं तोंड उघडलं खरं. पण बाईंकडे बघायचं नाही म्हटल्यावर, काय गंमत, त्याची जीभ एकदम सैल सुटली.

"मालक म्हणतोय, भाडं वाढवणार. दीडपट. नाहीतर घर विकणार."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. कुठं जायचं या वयात, नव्या जागा शोधत? त्या मिस्त्रीकडे बघत राहिल्या आणि मिस्त्री कॅमेऱ्याकडे. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण एकदाचं सांगून टाकलं म्हणून बरंही वाटत होतं.

"लाज वाटते का काही?" पुढाऱ्यानं बाईंना विचारलं.

"वाटते तर!" बाई म्हणाल्या. आवाज कापत होता, तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा होता. "अकरा वर्षं एका जिन्यावरून जा-ये केल्यावर माणसानं सरळ तोंडावर सांगावं. त्यासाठी कॅमेरा कशाला लागावा?" मिस्त्रीनं मान खाली घातली. मग बाई पुढाऱ्याकडे वळल्या. "आणि भाडं वाढवू नको तर काय करू? कर तुमच्याच मंत्र्यांनी दुप्पट केलाय. तो काय नळाला येतो?"

"हे घ्या! हाच तो मालकांचा माज!"

"पण बाईंचं बरोबर आहे," मिस्त्री बोलून गेला.

"बाबा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं बोलताय?"

"माझ्याच."

पुढारी गडबडला. बाई मात्र आता चांगल्याच रंगात आल्या होत्या. "दीडपट यांना झेपणार नाही," त्या म्हणाल्या. "सव्वापट करू. आणि घर विकायचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"सव्वापटीत कर निघत नाही हो," ‘भाडेकरू’ मिस्त्री कळवळून म्हणाला.

"पाण्याच्या मोटारीचं बिल यापुढे वरच्या मजल्याकडे. मग तर झालं?"

मिस्त्रीनं मनात आकडेमोड केली. तरी थोडं कमीच पडत होतं. त्यानं आता पहिल्यांदा बाईंकडे सरळ बघितलं. "ठरलं," तो म्हणाला.

एवढं ऐकताच पुढाऱ्यानं त्याचा हात धरून छतापर्यंत उंचावला. दीडपटीची सव्वापट झाली होती! घोषणा झाल्या, फोटो निघाले, आणि सगळी वरात धाडधाड जिना उतरली. खालच्या दाराशी पुढाऱ्याचा आवाज थांबला.

"अभिनंदन मावशी! तुमच्या माणसानं वरच्या मालकिणीला पार वाकवलं. भाडं आता नुसतं सव्वापटच वाढणार!"

 मग जिन्यावर चपला वाजू लागल्या, एकेक पायरी, सावकाश. मिस्त्रीनं घाईनं कोपराचा गाळ पुसला. बाईंनीही नकळत चष्मा सारखा केला.

बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं आधी नवऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग बाईंना. मग डोक्याला हात लावून तिनं एक सुस्कारा सोडला.

"सव्वापट म्हणजे आमच्या अगदी जिवावर आहे, मालकीणबाई," ती म्हणाली. "पण तुमच्यासारखी मालकीण आम्हाला दुसरी कुठं मिळायची? राहतो आम्ही."