भूगोलाची जागा

मुलाखतीच्या दिवशी सकाळी दीप्ती कुरणे कॉलेजच्या ग्रंथालयात बसून दोघांना नापास कसं व्हायचं ते शिकवत होती.

फार हुशारी दाखवायची नाही, आणि अगदीच बावळटपणाही नाही. प्रश्न आला की थोडं थांबायचं, अर्धं उत्तर द्यायचं आणि पुढचं आठवत नाही म्हणायचं. विद्यापीठाकडून येणाऱ्या तज्ज्ञांना वाटलं पाहिजे, की माणूस बरा आहे पण कमी पडतोय. हुपरीहून आलेल्या सार्थकला तिनं बजावलं, की तुमच्या छापून आलेल्या शोधनिबंधाचा विषय काढू नका. तो हसला. मलकापूरकडून आलेली पूर्णिमा मान खाली घालून सगळं ऐकत होती.

जागा एक असली तरी मुलाखतीला एकटा उमेदवार चालत नाही. चुरस दिसावी लागते. म्हणून आमच्याकडच्या संस्था कुणाला घ्यायचं ते आधी ठरवतात आणि मग बाजूला बसवायला माणसं गोळा करतात. त्यांना डमी म्हणतात, अगदी तोंडावर म्हणतात, आणि त्यात आता कुणालाच काही वाटत नाही. तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासावर पैसे मिळणारे आणि वर्ष संपलं की घरी जाणारे प्राध्यापक या कामाला हुकमी सापडतात. शेतकरी पैऱ्यानं एकमेकांना बैल देतात, तसे प्राचार्य त्यांना एकमेकांकडे धाडतात. दीप्तीही अशी चार ठिकाणी बसून आली होती. तिथं कुणाला घेतलं, कोण राहिलं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

आज मात्र जागा तिची होती. मुरगूडच्या पुढच्या या छोट्या कॉलेजात इतकी वर्षं भूगोल तिनंच शिकवला होता. मुलं कमी पडली तर विषय बंद होतो आणि विषयाबरोबर जागाही जाते, म्हणून दर जूनमध्ये ती वाड्यावस्त्या पालथ्या घालून मुलं आणायची. शेवटी जागा मंजूर झाली. प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की डमी तेवढे तुम्ही बघा. याचा आणखी काय अर्थ घ्यायचा? तासिकावाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिनं विचारलं, तेव्हा हे दोघे लगेच हो म्हणाले. घरी आईनं त्याच दिवशी गल्लीभर सांगून टाकलं. नोकरी कायम झाल्याशिवाय लग्न नको म्हणून थांबवलेली बोलणी वडिलांनी पुन्हा सुरू केली.

थोड्या वेळानं एक गाडी थेट पायऱ्यांपर्यंत आली. त्यातून कोट घातलेला एक तरुण उतरला. गुंडू शिपाई धावत पुढं झाला आणि त्याला प्राचार्यांच्या केबिनमध्ये घेऊन गेला. मागोमाग चहाही गेला. दीप्ती व्हरांड्यात आली आणि परतणाऱ्या गुंडूला तिनं अडवलं. तो दुसरीकडे बघत म्हणाला, की हे सम्राट सर, अध्यक्षसाहेबांच्या मेव्हण्यांचा मुलगा. भूगोलालाच आलेत.

तेवढ्यात प्राचार्य बाहेर आले. माणूस तसा वाईट नव्हता, आणि राग येतो तो त्याचाच. त्यांनी तिला खांबाआड घेतलं आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मला वाटलं तुमच्या ध्यानात आलं असंल. तुम्हाला ह्यातलं सगळं कळतंय म्हणून तर डमी बघायला तुम्हाला सांगितलं की."

मग त्यांनी धीरही दिला. उरलेल्या तासिका दीप्तीलाच मिळणार होत्या. सम्राट सर नवे आहेत, तर सुरुवातीला त्यांना जरा सांभाळून घ्या, एवढंच म्हणणं होतं. तज्ज्ञ आल्याचं कळलं आणि प्राचार्य लगबगीनं निघून गेले.

तिनं आत येऊन दोघांना सांगितलं. आता चौघांत डमी ती स्वतःही होती. सार्थकनं एक शिवी हासडली आणि बॅग उचलली. पण तो गेला नाही. त्याचे हुपरीचे प्राचार्य इथल्या प्राचार्यांच्या रोजच्या बोलण्यातले होते; उठून गेला तर तिथल्या तासिकाही जायच्या. बॅग मांडीवर घेऊन तो पुन्हा बसला.

मग पूर्णिमानं विचारलं, "मलकापूरला आलता न्हवं तुम्ही, डमी म्हणून? त्या दिवशी मी तुमच्या शेजारीच बसलते."

दीप्तीला चेहरा आठवेना. तिथं भिंतीला लागून चार-पाच जण बसले होते, एवढंच आठवत होतं. सगळे आपल्यासारखेच असतील असं तिनं तेव्हा धरलं होतं आणि त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या.

"ती जागा माझी हुती," पूर्णिमा म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "वर्षानुवर्षं मीच शिकवत हुते तितं."

दीप्तीला शरमेनं मेल्यासारखं झालं. तिनं कसंबसं विचारलं, की मग आज माझ्यासाठी कशाला आलात?

"एकीचं तरी हुईल म्हटलं."

गुंडूनं दारात येऊन पहिलं नाव पुकारलं. कुरणे मॅडम. दीप्तीला उठवेना. त्यानं पुन्हा हाक मारली, तेव्हा पूर्णिमानंच तिला दंडाला धरून उभं केलं.

"जावा," ती म्हणाली, "आणि येतंय तेवढं सगळं सांगा."