सुट्टीला आलेली भाची

“पुन्हा सांग. तू कोण?”

“तुमची भाची.”

“तुमची काय गं? मावशीची म्हण. आलीस कधी?”

“काल. सुट्टीला.”

बाईंनी दहा वर्षांच्या पोरीला आपल्या लेकीचा जुना फ्रॉक चढवला आणि तिच्या भेगाळलेल्या हातांना क्रीम चोळलं. घरोघरी राबणारी मुलं शोधणाऱ्या मॅडम शेजारपर्यंत येऊन ठेपल्या होत्या. पोर सापडली, तर ती तिच्या आईकडे जाणार आणि बाई कोर्टात. तीन वर्षं हाताखाली असलेली पोर जाणार या नुसत्या विचारानेच बाईंचे गुडघे दुखायला लागले. तसे ते काम दिसलं की दुखायचेच.

बेल वाजली.

मॅडम सोफ्यावर बसल्या. पोर सवयीने जमिनीवर टेकणार, तोच बाईंनी तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. “लाजाळू आहे हो फार,” त्या म्हणाल्या.

“शाळेत जातेस?” मॅडमनी पोरीला विचारलं.

“चौथीत आहे.”

“इथे काम करावं लागतं का तुला?”

“नाही. कालच आले मी, मावशीकडे.”

“मग घरी कधी जाणार?”

हाच प्रश्न पोर रोज बाईंना विचारायची आणि बाई रोज ‘बघू’ म्हणायच्या. “सुट्टी संपली की,” ती पढवलेलं बोलली. डोळे मात्र भरून आले.

“मावशीला सोडून जायचं म्हटलं की रडूच येतं तिला,” बाईंनी सावरून घेतलं.

मॅडमनी वही मिटली. “गोड आहे तुमची भाची. बरं, घोटभर चहा मिळेल का? तुम्हीच करा, हिला बसू दे माझ्याजवळ.”

“अहो, त्यात काय एवढं.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. गुडघेसुद्धा दुखायचे थांबले. गुणगुणतच त्या स्वयंपाकघरात गेल्या. एका कपाटात डाळी निघाल्या, दुसऱ्यात नुसत्या बशा. चार डबे उघडले, चौथ्यात मीठ. आज त्यांना कशाचाच राग येत नव्हता. रोज बाहेरून आत जाणारी हाक त्यांनी मोकळ्या मनाने आतून बाहेर दिली,

“अगं ए, साखर कुठे ठेवतेस तू?”