लाल शाईचा वाचक

पुस्तकांच्या दुकानात लेखिकेने सहीसाठी पुस्तक उघडलं आणि टेबलासमोर उभ्या असलेल्या मास्तरांच्या काळजात धस्स झालं. प्रत चुकली होती.

या कादंबरीच्या त्यांच्याकडे दोन प्रती होत्या. एक चौदा वर्षांपूर्वीची, सात वेळा वाचलेली. दुसरी खास आजच्या सहीसाठी गेल्या आठवड्यात घेतलेली, कोरी करकरीत. पण उभी हयात शाळेत गेलेल्या माणसाची खोड अशी, की घरात पुस्तक आलं की आधी त्याला खाकी कव्हर चढायचं. फळीवर दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या उभ्या होत्या. निघताना बायको म्हणाली होती, "अहो, एकदा उघडून तरी बघा." त्यावर "माझ्या पुस्तकांत तू लक्ष घालू नकोस," असं म्हणत मास्तरांनी हाताला लागली ती प्रत ऐटीत पिशवीत टाकली होती.

आणि जुन्या प्रतीत लाल शाई होती. मास्तर गणिताचे, पण वाचनाचा नाद असा की ताटातलं जेवण निवून जायचं. मैफलीलाही हे पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या आधी दाद यांची, आणि घरी येईपर्यंत तिकिटाच्या पाठीवर प्रत्येक गाण्याला दहापैकी गुण दिलेले. कादंबरी तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासलेली होती. जिथे जीव जडत नसे तिथे ते पेनाचं टोपणसुद्धा काढत नसत. आता हे त्या बाईंना कोण सांगणार?

लेखिका पानं उलटत होती. "बहिणीचं लग्न, नुसतं पाल्हाळ. दहापैकी दोन," तिने मोठ्याने वाचलं. रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. तिने आणखी काही पानं उलटली आणि एका ठिकाणी थांबली. "आई गेली ते चार ओळींत उरकलं. पायऱ्या गाळल्या आहेत. पुन्हा सोडवा."

तिने चष्मा वर सरकवला. "हे कोणी लिहिलंय?"

चौदा वर्षं मास्तर या बाईंशी मनातल्या मनात बोलत आले होते. आज म्हणायची दोन वाक्यं त्यांनी सकाळी दाढी करताना आरशासमोर घोटून ठेवली होती. मागे तीसेक माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात स्वच्छ पुस्तक.

"कुणास ठाऊक," मास्तर म्हणाले. "जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलंय हो. असेल कुणी उपटसुंभ."

शेजारी उभ्या असलेल्या बायकोने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी टेबलाआड तिच्या पावलावर हलकेच पाय दिला.

"उपटसुंभ नका म्हणू," लेखिका म्हणाली. तिचं बोट अजून त्याच पानावर होतं. "तेव्हा माझी आई नुकतीच गेली होती. मला लिहवेना. कसंबसं चार ओळींत आटपलं आणि वाटलं, आता पकडली जाणार मी. पण कोणी पकडलंच नाही हो. जो भेटतो तो म्हणतो, फार छान जमलंय." ती स्वतःशीच हसली. "या माणसाने बरोबर पकडलं. एकदा भेटायला हवा होता मला हा."

अजूनही वेळ गेली नव्हती. 'मीच तो' एवढे दोन शब्द पुरले असते. पण ते म्हणायचे तर आधीचं खोटं कबूल करणं आलं, तेही एवढ्या माणसांच्या देखत. मास्तर पिशवीचे बंद सारखे करत राहिले.

"तुमची हरकत नसेल तर ही प्रत मला द्याल का? मी तुम्हाला नवी देते."

"घ्या की," मास्तर म्हणाले. "आमच्या काय कामाची?"

लेखिकेने ढिगातली नवी प्रत ओढली आणि 'वाचकमित्रास, शुभेच्छांसह' असं लिहून खाली सही केली. रांगेत मास्तरांच्या आधी असलेल्या माणसालाही तिने तेच लिहून दिलं होतं.

दुकानाबाहेर आल्यावर बायको थांबली. "वर्गात 'हे कोणी केलं?' विचारल्यावर जो मान खाली घालून गप्प बसायचा, त्याला तुम्ही काय म्हणायचात हो?"

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. इतक्या वर्षांत स्वतःची अशी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. आयुष्यात एकदा कोणीतरी त्यांच्या तपासण्याला मान दिला होता, आणि तो मान त्यांनी आपल्या हाताने कुठल्याशा उपटसुंभाच्या पदरात टाकला होता.

"जा ना आत. सांगून टाका."

"काय सांगू? खोटं बोललो म्हणून?"

"हो, तेच."

मास्तर वळले. काचेच्या दारापर्यंत आलेही. आत रांग खोळंबली होती. लेखिकेने पेन बाजूला ठेवलं होतं आणि पुस्तक दोन्ही हातांत धरून ती वाचत बसली होती. एका पानावर ती हसली, मग बराच वेळ तिथून हललीच नाही. शेवटी दुकानदार तिच्या कानाशी लागला तशी तिने मान वर केली, आणि तिला काचेपलीकडे मास्तर दिसले. पुस्तक देऊन गेलेल्या एखाद्या भल्या गृहस्थाला करावा तसा तिने हसून हात केला, आणि पुन्हा त्यांच्या अक्षरात डोकं घातलं.