लाल पाटीवरचा अंगठा

गेनबाच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. अ‍ॅल्युमिनियमची पाटी आम्लात बुडवून वीज सोडली की तिच्यावर बारीक भोकांचा थर वाढतो आणि तो थर रंग पितो. कारखान्यात गेनबा थर वाढवी, त्याची बायको हिरा पाट्या रंगवी.

त्या दिवशी हिरानं हातमोजा न घालता पाटी धरली. घामट बोट लागलं तिथं रंग धरला नाही. लाल पाटीवर अंगठा पांढरा उमटला. असल्या चुकीला मालक कामावरून काढत.

मालकांनी पाटी उजेडात तिरकी धरली. "हा अंगठा कुणाचा?"

"माझा," गेनबा म्हणाला.

मालकांनी त्याचा हात उताणा करून पाहिला. "मामा, आम्लानं तुमच्या अंगठ्यावर रेघ तरी ठेवलीय का?"

"खोटं जमत नाही, तर बोलावं कशाला?" हिरा नवऱ्यावर फणकारली. "माझाच आहे, मालक."

मालकांना हसू आलं. "उद्यापासून मोजे घाला, मामी. आणि ही पाटी घरी न्या, गिऱ्हाईक घेणार नाही."

गेनबानं पाटी उकळत्या पाण्यात धरून रंग पक्का केला आणि घरी दारावर, नावाच्या जागी ठोकली.

हिरा पुढच्या चैत्रात वारली.