मोठ्यानं वाचा

वकिलानं कागद पुढं सरकवला आणि सहीची जागा बोटानं दाखवली. जशी काही ती बाईला सापडलीच नसती. निवेदन तिच्या नावानं होतं, लिहिलं होतं मात्र त्यानं. साहेबांचे संदेश आपुलकीचे होते, माझाच गैरसमज झाला, तक्रार मागे घेत आहे. सही केली तर नोकरी राहणार होती. नाही केली तर तक्रार खोटी ठरवून दुपारच्या आत तिला घरी पाठवायचं ठरलं होतं. घरात मिळवणारी ती एकटी. तक्रार समितीला हे चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर एवढी घाई.

ती या प्रकाशनसंस्थेत प्रुफं तपासायची. सगळे तिला प्रुफंवालीच म्हणायचे. समोर तिघे बसले होते. एक हा वकील. चौकशीच्या नावाखाली त्यानं तिला काय विचारलं, तर कपडे कसले घालता, नवरा कुठं असतो आणि ऑफिसात हसता किती. दुसऱ्या आक्का, ऑफिसच्या व्यवस्थापक आणि समितीच्या अध्यक्ष. बावीस वर्षं इथं काढलेली बाई. शिपायापासून संपादकापर्यंत सगळे त्यांना टरकून असायचे. त्यांनी प्रुफंवालीला आधीच एकटीला गाठून सांगितलं होतं, की बये, गप्प बस आणि पोराबाळांकडं बघ. तिसरे खुद्द साहेब, मुख्य संपादक. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यानंच समितीच्या टेबलाशी बसावं का, हा प्रश्न कुणालाही पडला नव्हता. साहेबांना खुर्ची दिली नसती तर केवढं वाईट दिसलं असतं.

साहेब म्हणजे काय विचारता. पांढरे केस, भारदस्त आवाज. समारंभ कुठलाही असो, स्त्रीच्या सन्मानावर दहा मिनिटं बोलल्याशिवाय खाली बसायचे नाहीत. आणि खाली उतरले की हात शेजारच्या बाईच्या खांद्यावर. खांद्यावरच थांबला तर तो हात साहेबांचा कसला. शिवाय रात्रंदिवस ते मोबाइलवरचे संदेश.

त्या संदेशांच्या प्रती तिनं लिफाफ्यात घालून दिल्या होत्या. त्याला तीन आठवडे झाले. लिफाफा टेबलावर पडला होता, डकवलेला, जसाच्या तसा. आत आपुलकी आहे हे समितीनं तो न फोडताच ओळखलं होतं. कमाल आहे की नाही.

तिनं पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"या संस्थेत वाचल्याशिवाय सही होत नाही," ती लिफाफ्याकडं बोट दाखवत म्हणाली. "नियम साहेबांचा आहे."

नियम खरोखरच साहेबांचा होता. कुठलाही मजकूर दोघांनी मिळून तपासायचा. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं आपल्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. जोडलेले कागदसुद्धा सोडायचे नाहीत. मग सही. कानावर पडल्याशिवाय चूक सापडत नाही, असं साहेब प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे.

वकील वैतागला. त्याला जेवायला जायचं होतं. पण साहेब हसले. आपल्या आवाजात काहीही गोड लागतं, असा त्यांचा समज होता. लपवायचंय काय त्यात, आण इकडं, म्हणत त्यांनी स्वतःच लिफाफा फोडला. तिनं आपला मोबाइल काढून समोर ठेवला आणि पहिल्या संदेशावर बोट टेकवलं.

पहिला त्यांनी झोकात वाचला. आज निळा रंग घातलास, दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. वकिलानं मान डोलावली. कुठलीशी कविता असावी, असा त्याचा चेहरा होता. दुसराही ठसक्यात सुरू झाला, पण मधेच घाईनं संपला.

"एक ओळ सुटली, साहेब," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. रोज पन्नास वेळा म्हणायची तसंच म्हणाली. साहेबांनी चष्मा पुसला. मग सुटलेली ओळ वाचली. ती तिच्या कमरेविषयी होती. भारदस्त आवाज कुठल्या कुठं गेला. वकिलाची मान डोलायची थांबली आणि तो टेबलाची कड बघू लागला. भित्रा कुठला. तीन आठवडे बाईला डोळ्यात डोळे घालून प्रश्न विचारत होता.

"पुढचा," ती म्हणाली. तिनं बोट पुढच्या संदेशावर सरकवलं.

साहेबांनी पाण्याचा पेला संपवला. हे फार होतंय, असं काहीतरी पुटपुटले. कुणी साथ दिली नाही, तेव्हा कागद तोंडापाशी धरून वाचू लागले. "रविवारी ऑफिसात कुणी नसतं. मागच्या दारानं ये. लाजणं शोभतं तुला..."

आणि अडकले. खोकले. कागद खाली ठेवला, परत उचलला. एवढा मोठा संपादक, पण स्वतःच्याच वाक्यापुढं त्याची दातखीळ बसली.

"नाही म्हणणं शोभत नाही. नाही म्हणणाऱ्या बाया इथं टिकल्या नाहीत."

हे आक्का म्हणाल्या. त्यांच्यासमोर ना कागद होता ना मोबाइल. त्या खिडकीकडं बघत होत्या.

प्रुफंवालीनं बोटाखालची ओळ पाहिली. शब्दन् शब्द बरोबर होता.

आक्कांनी वकिलासमोरचं पेन घेतलं, निवेदन ओढलं आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. मग पहिल्यांदाच साहेबांकडं वळल्या.

"मला चिठ्ठीतून आलं होतं," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांत एक शब्द बदलला नाही मेल्यानं."